भाकरवडीच्या मशीनचं ड्रॉइंग फॅब्रिकेटरला देण्याआधी

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. दांडिया बाजारात तुमचा घरचा फरसाणाचा धंदा आहे. पारी लाटणं, सारण पसरणं, घट्ट वळकटी करणं आणि कापणं ही चारही कामं एका ओळीत करणारं भाकरवडीचं मशीन तुम्ही आणि तुमच्या भावाने दोन वर्षं खपून तयार केलं. घरचं मॉडेल चालतंय. आता स्टेनलेस स्टीलमधलं पहिलं खरं मशीन मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायचं आहे, आणि ते तुमच्या वडिलांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्याशी एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, करायचा आहे. त्यात तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: माहिती त्यांनी कायम गुप्त ठेवावी, असं मशीन पुन्हा कुणासाठीही बनवू नये, आणि फुटली तर ५० लाख रुपये द्यावेत. नऊ पानांचा एक नमुना तुमच्या हाती आला आहे. शिवाय कोटेशन मागताना भावाने एक ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवलंय, त्याचीही काळजी आहे.

मी गेली २२ वर्षं बडोद्यात छोट्या कारखानदारांचे करार लिहितो, आणि ते मोडले की कोर्टात उभाही राहतो. कोर्टात उभं राहूनच मला करार लिहायला आला, असं म्हटलं तरी चालेल. तुमच्या कामाला तीन-चार पानं पुरतात. तुमच्या नमुन्यात व्याख्या दीड पानभर आहेत आणि शेवटचं ‘परिशिष्ट अ’ कोरं आहे. माझ्या लेखी तुमचा खरा करार त्या कोऱ्या पानावरच लिहायचा आहे.

काही वर्षांपूर्वी एक अशील माझ्याकडे आले. त्यांनी पॅकिंग मशीनचा एक भाग वाघोडियाकडच्या एका शेडमध्ये बनवायला दिला होता. करार सुबक इंग्रजीत केलेला. ‘गोपनीय माहिती म्हणजे परिशिष्ट अ मध्ये नमूद केलेली माहिती’ असं कलम होतं. परिशिष्टाच्या पानावर वर मथळा, खाली दोघांच्या सह्या, आणि मध्ये काहीच नाही. वर्षभराने तसाच भाग तिसऱ्याच माणसाच्या मशीनवर दिसला. मनाईहुकुमाच्या अर्जावर मी बोलत होतो तेव्हा न्यायाधीशांनी फाइल फिरवून ते पान माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “वकीलसाहेब, यातली कोणती माहिती यांनी वापरली?” माझ्याकडे ड्रॉइंग्ज होती. तीच ड्रॉइंग्ज त्या माणसाला कधी आणि कशी दिली हे दाखवणारा एकही कागद नव्हता. समोरचे म्हणाले, आम्हाला मापं तोंडी सांगितली होती, बाकी आमच्या अनुभवाने केलं. मनाई मिळाली नाही. ते पान आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि म्हणून कुणीही एनडीए मागायला आलं की मी आधी यादी मागतो.

यादी म्हणजे काय? प्रत्येक ड्रॉइंगचा क्रमांक, रिव्हिजन, तारीख, पानं किती, आणि ते कागदावर दिलं की पीडीएफमध्ये की लेझर कटिंगच्या डीएक्सएफ फाइलमध्ये. उदाहरणार्थ: ‘ड्रॉइंग क्र. बी-०७, रिव्हिजन २, वळकटी विभागाच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांची रचना, ३ पानं, पीडीएफ.’ एवढं पुरतं. दोन पट्ट्यांच्या वेगाचं प्रमाण किती आणि त्यांतला कोन किती हे परिशिष्टात लिहू नका, कारण उद्या हाच करार कोर्टात, बँकेत, भागीदाराच्या हातात जाणार आहे. गोष्ट ओळखता आली पाहिजे, पण उघडी पडता कामा नये. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘गोपनीय, फक्त मशीन क्र. १ बनवण्यासाठी’ असं छापून घ्या.

काम सुरू झाल्यावर आणखी माहिती जाणारच. शेडमध्ये उभं राहून तुम्ही चार गोष्टी सांगाल, खडूने लादीवर आकृती काढाल. त्यासाठी कलमात एक वाक्य असावं: तोंडी सांगितलेली माहिती सात दिवसांत ईमेलने लिहून कळवली की ती गोपनीय धरली जाईल. मग हा नियम स्वतः पाळा. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल: ‘आज आपल्या शेडमध्ये कटरच्या टायमिंगबद्दल जे सांगितलं ते कराराखालची गोपनीय माहिती आहे.’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तरी पुरावा होतो, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. फोन बदलला, चॅट उडवलं, की अडचण होते. ईमेल सांभाळायला सोपा.

आता एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो विचारायला हवा: फॅब्रिकेटरला मुळात किती कळायला हवं? सारणाचा मसाला त्यांना कळायची काहीच गरज नाही. ट्रायलसाठी पीठ आणि सारण घरून तयार करून न्या. मसाल्याच्या पुड्यांवर घटकांची नावं नकोत, नुसते क्रमांक टाका. पारीत तेलाचं मोहन किती आणि पीठ किती वेळ झाकून ठेवता, हेसुद्धा तिथे बोलू नका. कामगार घरी जाऊन बोलतात, त्यात त्यांचा दोष नाही. मशीनचंही तसंच आहे. सांगाडा, ट्रे, गार्ड, पाय ही कामं कुणालाही द्या. वळकटी विभाग आणि कटर, जिथे तुमचं दोन वर्षांचं डोकं आहे, त्यांचे भाग शक्य असल्यास दुसऱ्याकडून करून घ्या आणि जोडणी आपल्या जागेत करा. खर्च थोडा वाढेल, गैरसोय होईल. पण ज्याला माहीतच नाही त्याच्याकडून फुटणार नाही, आणि याची बरोबरी कुठलंही कलम करू शकत नाही.

पुढे जाण्याआधी, मला माहीत नसलेल्या पण उत्तर बदलू शकतील अशा दोन गोष्टी. ते फॅब्रिकेटर आधीपासून फरसाणाची मशीनं बनवतात का? बनवत असतील तर ‘हे आम्हाला आधीच येत होतं’ हा बचाव त्यांच्याकडे तयार आहे, आणि करार जास्त नेमका लागेल. दुसरं, मशीनच्या खर्चात ते पैसे किंवा मजुरी स्वतःची घालणार आहेत का? घालणार असतील तर हे साधं एनडीए राहत नाही, हिश्शाचा विषय निघतो आणि त्याचा करार वेगळा करावा लागतो. इथून पुढे मी धरून चालतो की तुम्ही पूर्ण पैसे देणार आणि ते फक्त काम करणार.

तुमची दुसरी मागणी, त्यांनी असं मशीन पुन्हा कधीच कुणासाठी बनवू नये. इथे भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ आडवं येतं. कायदेशीर धंदा करण्यापासून कुणाला रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल असतो. धंद्याची ख्याती (गुडविल) विकताना विकणाऱ्याला घातलेलं वाजवी बंधन एवढाच त्याला कायद्यात अपवाद दिलेला आहे. ‘तुम्ही भाकरवडीचं मशीन बनवायचं नाही’ हे वाक्य बहुतेक टिकणार नाही. टिकणारं वाक्य असं: ‘परिशिष्ट अ मधली माहिती, किंवा तिच्यावरून तयार झालेलं ड्रॉइंग, जिग (काम करताना भाग धरून ठेवणारी चौकट), साचा वा प्रोग्राम, मशीन क्र. १ शिवाय अन्य कोणत्याही कामासाठी वापरायचा नाही.’ पहिल्या वाक्यात तुम्ही त्यांचा धंदा बांधता, दुसऱ्यात आपली वस्तू बांधता. माझ्याकडे येणारे बरेच जण मनाईचं जेवढं कडक वाक्य तेवढं बळ जास्त असं धरून येतात. कोर्टात नेमकं उलटं होतं. अतिरेकी कलम दिसलं की न्यायाधीशांचं लक्ष तिथेच अडकतं आणि तुमची चांगली बाजूसुद्धा संशयाने वाचली जाते.

आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला आहे. तोवर कोर्टं करारावर आणि विश्वासभंगाच्या तत्त्वावर चालतात. तुमच्यासारखंच एक जुनं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात १९८७ मध्ये झालं होतं. जनावरांसाठी हिरवा चारा उगवणाऱ्या यंत्राचा शोध लावणाऱ्याने थर्मल पॅनेल मिळवण्यासाठी एका कंपनीला ड्रॉइंग्ज आणि तांत्रिक माहिती दिली, आणि त्या कंपनीने पुढे स्वतःच तसं यंत्र काढलं. कोर्टाने मनाई दिली. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याच्या मुळावर उठून वापरता येत नाही, हे त्यामागचं सूत्र. पुरवठादाराच्या हातात ड्रॉइंग देणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल जवळचा वाटावा असा आहे. पण तिथेही काय दिलं होतं हे कागदांवर दाखवता आलं होतं.

५० लाखांचं. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिली असली तरी कोर्ट वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं: नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. म्हणजे ५० लाख लिहिल्याने ५० लाख मिळत नाहीत. मग आकडा लिहावा का? मी लिहितो, पण त्याच्यामागचा हिशोब शेजारी लिहितो. मॉडेलवर झालेला साहित्याचा खर्च, तुमचा आणि भावाचा वेळ, पहिल्या दोन-तीन वर्षांत या मशीनमुळे वाचणारी मजुरी. समजा हे सगळं मिळून १८ लाख येतं. तर १८ लाख लिहा आणि बेरीज परिशिष्टात जोडा. हिशोब नसलेल्या ५० लाखांपेक्षा हे १८ लाख मला कोर्टात जास्त उपयोगाचे. आणि दुसरी गोष्ट, एवढ्या शेडचा मालक ५० लाखांचं वाक्य वाचून एक तर सही करणार नाही, किंवा न वाचता करेल. दोन्ही तुम्हाला नको आहे.

आता ज्या जागी मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते कलम. शेडमधला जुना फोरमन तुमचं ड्रॉइंग बघेल आणि म्हणेल, “बेन, आ शाफ्ट नी जग्याए बेअरिंग नाखो, चीकटशे नहीं.” म्हणजे शाफ्टच्या जागी बेअरिंग घाला, चिकटणार नाही. त्याचं बरोबर असेल. बेअरिंग बसेल, मशीन सुधारेल. ती सुधारणा कुणाची? तुमच्या नमुन्यात याबद्दल एक अक्षर नाही. सहा महिन्यांनी फॅब्रिकेटर तेच मशीन दुसऱ्याला देताना म्हणू शकतील, हे तर आमचं सुधारित मॉडेल आहे, यातली मुख्य युक्ती आमच्या माणसाची. भांडणं इथूनच सुरू होतात, आणि दोन्ही बाजू मनापासून खरं बोलत असतात.

म्हणून लिहा: काम करताना सुचलेले बदल, त्यांची ड्रॉइंग्ज आणि प्रोग्राम यांवरचे सगळे हक्क तुमच्याकडे येतील, आणि त्याचा मोबदला ऑर्डरच्या किमतीत धरला आहे. ड्रॉइंग्जवरचा कॉपीराइट लिहून आणि सही करून द्यावा लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. ‘संपूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण जगासाठी’ हे शब्द त्यासाठी घालायचे. न्यायाची गोष्ट म्हणून मी इथे फॅब्रिकेटरच्या बाजूचंही एक वाक्य घालतो: त्यांची वेल्डिंगची, फिनिशिंगची, सर्वसाधारण कारागिरीची पद्धत त्यांचीच राहील. आणि त्यांचे दर तुम्ही दुसऱ्या फॅब्रिकेटरला दाखवणार नाही. हे वाचलं की समोरच्या माणसाचा चेहरा सैल होतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

माहिती बाहेर जाण्याच्या वाटा बहुतेक वेळा लबाडीच्या नसतात. मकरपुऱ्यातला एक शेड सगळी कामं स्वतः करत नाही. लेझर कटिंग शेजारच्या गल्लीत, टर्निंग तिसरीकडे, पॉलिश चौथीकडे. तुमची डीएक्सएफ फाइल पेन ड्राइव्हमधून लेझरवाल्याच्या कॉम्प्युटरवर जाते आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहते. तेव्हा करारात लिहा की बाहेर काम द्यायचं तर आधी तुम्हाला नाव कळवायचं, त्याला फक्त त्याच्या भागाचं ड्रॉइंग द्यायचं, त्याच्याकडून एका पानाची हमी घ्यायची, आणि त्याच्या चुकीला फॅब्रिकेटर स्वतः जबाबदार राहतील. दुसरी वाट फोटोंची. मशीन तयार झालं की कौतुकाने फोटो काढतात, स्टेटसला ठेवतात, ग्राहकांना दाखवायच्या यादीत टाकतात. एका अशिलाच्या मशीनचा वरचा पत्रा काढलेला फोटो, आतली साखळी आणि गिअर स्पष्ट दिसणारा, असाच बाहेर गेला. टाकणाऱ्याला वाटत होतं आपण चांगलं काम दाखवतोय. ‘लेखी परवानगीशिवाय फोटो, व्हिडिओ, प्रात्यक्षिक नाही’ ही एक ओळ स्वतंत्र कलम म्हणून ठेवा, आणि सही करताना तोंडानेही सांगा.

काम संपल्यावर काय परत यायचं याची यादीही हवी: कागद, जिग, साचे, नमुन्याचे तुकडे, नापास झालेले भाग. फाइली पुसल्याचं एका ओळीचं पत्र. शेवटचा हप्ता या परतीला जोडा. एवढी एकच गोष्ट केली तरी अर्धं काम आपोआप होतं.

अपवादांचं कलम सगळ्या नमुन्यांत असतं आणि ते असलंच पाहिजे: जे आधीपासून सार्वजनिक आहे, जे त्यांना आधीच माहीत होतं, जे त्यांनी तुमच्या माहितीशिवाय स्वतंत्रपणे शोधलं, जे कोर्टाच्या आदेशाने द्यावं लागलं. ‘आधीच माहीत होतं’ याला मी एक शेपूट जोडतो: ड्रॉइंग मिळाल्यापासून दहा दिवसांत त्यांनी तसं लेखी आणि जुन्या कागदासह कळवायचं. न कळवल्यास माहीत नव्हतं असं धरलं जाईल. भांडण व्हायचंच तर ते दहा दिवसांत झालेलं बरं.

मुदत. तुम्हाला कायमची हवी आहे. मशीनच्या रचनेसाठी मी पाच वर्षं सुचवेन. मशीन बाजारात उभं राहिल्यावर जाणकार माणूस ते बघून बरंच ओळखू शकतो, आणि पाच वर्षांत तुम्ही पुढचं मॉडेल काढलेलं असेल. मसाल्यासारखी गोष्ट चुकून कळली तर तिच्यासाठी मात्र ‘ती गुप्त राहील तोपर्यंत’ असं लिहा. दोन्हींना एकच मुदत लावू नका.

सही कोण करतंय ते बघा, आणि हे काम घरूनच करून जा. शेडवरच्या बोर्डावर एक नाव, बिलावर दुसरं, आणि बोलतोय तिसराच, असं बडोद्यात सर्रास दिसतं. फर्म बऱ्याचदा पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर असते. त्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका, कायदेशीर नाव आणि मालकी की भागीदारी ते दिसतं. करार त्याच नावाने करा. भागीदारी असेल तर शक्यतो सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या. शिवाय प्रत्यक्ष काम बघणारा जो कुणी असेल त्याचीही वैयक्तिक सही घ्या.

करार इंग्रजीत ठेवायला हरकत नाही, पण फॅब्रिकेटर गुजरातीत विचार करत असतील तर गुजराती प्रत सोबत जोडा आणि शेवटी लिहा की मजकूर गुजरातीत वाचून दाखवला, समजला, आणि फरक पडल्यास अमुक प्रत ग्राह्य. ‘मला इंग्रजी येत नाही, सही करायला सांगितली म्हणून केली’ हा बचाव त्यामुळे उरत नाही. गुजरातेत असे साधे करार सध्या ३०० रुपयांच्या ई-स्टॅम्पवर करतात. काढायच्या दिवशी दर विचारून घ्या. स्टॅम्पवर दोन्ही पक्षांची नावं करारातल्यासारखीच हवीत आणि तारीख सहीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची हवी. स्टॅम्प कमी असला तर करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात वाचला जात नाही, आणि मनाईहुकुमाच्या घाईत ते आठ दिवस महाग पडतात. नोंदणीची गरज नाही. नोटरी केलीत तर चांगलं, सक्ती नाही.

आणखी एक कागद: तुमची परचेस ऑर्डर. त्यांच्या कोटेशनच्या मागे बारीक अक्षरांत ‘सर्व ड्रॉइंग्ज व डिझाइन्स आमची मालमत्ता’ असं छापलेलं असू शकतं, जुन्या छपाईतून आलेलं. करारात लिहा की विसंगती असल्यास हाच करार वरचढ, आणि ऑर्डरवर कराराची तारीख टाका.

वाद कुठे चालवायचा? मी तुमच्या आकाराच्या कामात लवाद घालत नाही. खर्च वाढतो, आणि तुम्हाला पहिली गरज पैशाची नसून तातडीच्या मनाईची असते. ‘बडोद्याची न्यायालयं’ एवढं लिहा. दावा ३ लाखांच्या वरचा आणि व्यापारी स्वरूपाचा असेल तर तो २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याखाली जाऊ शकतो. तातडीची मनाई मागायची नसेल तर तिथे आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडी असेल तर थेट जाता येतं, पण तातडी तुमच्या वागण्यातही दिसली पाहिजे. तुमच्यासारखं मशीन दुसरीकडे दिसल्यावर चार महिने ओळखीच्या लोकांकडून समजावत राहिलात, तर कोर्ट विचारतं, मग आज घाई कसली?

एनडीए एकट्यावर सगळा भार टाकू नका. वळकटीची युक्ती खरोखर नवी असेल तर ड्रॉइंग देण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज करून ठेवा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, आणि व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. मसुद्याचा खर्च वेगळा. मशीन प्रदर्शनात मांडलंत किंवा विकलंत आणि नंतर अर्ज केलात तर नवेपणच संपलेलं असतं. ड्रॉइंग्जवर कॉपीराइट आहेच, पण त्याच्या भरवशावर राहू नका: डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी वस्तू न नोंदवता औद्योगिक पद्धतीने ५० हून जास्त वेळा बनवली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. ही रेषा नेमकी कुठे पडते यावरचा एलएनजी ट्रेलरच्या ड्रॉइंग्जचा वाद आपल्या बडोद्याच्याच कमर्शियल कोर्टातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्यासाठी कसोटी घालून दिली. तुमच्या गावातला प्रश्न आहे, परका नाही.

वडिलांच्या ओळखीबद्दल. करार काढला की समोरून बहुतेक येणारच, “अरे बेन, आ तो घर नी वात छे.” संकोच वाटेल. मी अशिलांना सांगतो की फॅब्रिकेटरवर अविश्वास म्हणून हा कागद मांडू नका, त्यांच्या शेडमधून ज्या चार हातांत ड्रॉइंग जाणार आहे त्यांच्यासाठी म्हणून मांडा, कारण ते खरंच तसं आहे. कागद दोन दिवस आधी घरी पाठवा, वाचायला वेळ द्या, वडिलांना सोबत न्या. जे काका सगळं वाचून दोन शब्द बदलायला सांगतात, त्यांच्याकडे काम द्यायला मला नेहमी बरं वाटतं.

राहिलं भावाने आधीच पाठवलेलं ड्रॉइंग. करारावर मागची तारीख घालायचा मोह होईल, तो टाळा. ई-स्टॅम्पवर वेळ आणि तारीख छापलेली असते, आणि एक खोटी तारीख सगळ्या कराराची पत घालवते. त्याऐवजी परिशिष्टात पहिल्याच ओळीत खरं लिहा: ‘ड्रॉइंग क्र. अमुक, या करारापूर्वी अमुक तारखेला कोटेशनसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेलं. तेही या कराराच्या दिवसापासून गोपनीय माहिती धरलं जाईल, आणि आजवर ते अन्य कुणाला दिलेलं नाही असं फॅब्रिकेटर सांगतात.’ या शेवटच्या तुकड्यापाशी सही करताना थांबा आणि त्यांना सरळ विचारा की ते ड्रॉइंग दरासाठी कुणा लेझरवाल्याला पाठवलं होतं का. पाठवलं असेल तर त्याचं नाव तिथेच लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून फाइल पुसल्याचं पत्र आणा. भावाला सांगा, तो चॅट उडवू नकोस.